सोबती उत्तर देत आहे

मी कॉम्प्युटर आहे. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी. कॉम्प्युटरला जेवणाची सुट्टी लागते हे बाहेर कळता कामा नये, म्हणून आम्ही पाळीपाळीने जेवतो.

आमची कंपनी कानातली मशीनं बनवते, ऐकू कमी येणाऱ्यांसाठी. मशीन घेतलं की सोबत फोनवर ‘सोबती’ मिळतो. त्याला काहीही लिहून विचारायचं, तो लिहून उत्तर देतो. कधी न थकणारा, कधी न चिडणारा, पूर्णपणे स्वयंचलित, असं जाहिरातीत म्हटलंय. सुरुवातीला तो खरोखर तसा होता. महिन्याभरात त्याने एका गृहस्थांना मशीन कोमट पाण्यात भिजत घालायला सांगितलं आणि एका बाईंना कान बदलून घेण्याचा सल्ला दिला. मग मालकांनी त्याला गुपचूप बंद केलं आणि त्याच्या जागी आम्हा अकरा जणींना बसवलं. जाहिरात तशीच राहिली. दुरुस्ती होईपर्यंतची सोय आहे, असं आम्हाला सांगितलं होतं. त्याला आता दोन वर्षं होत आली.

यंत्र होणं वाटतं तितकं सोपं नाही. पहिलं वाक्य ‘आपला प्रश्न समजला’ हेच हवं, मग प्रश्न डोक्यावरून गेलेला का असेना. ‘अगं’, ‘अहो’, ‘अरेरे’ बंद. फार झटकन उत्तर द्यायचं नाही आणि फार वेळही लावायचा नाही. पडद्याच्या उजवीकडे मंजूर उत्तरांची यादी असते, त्यातलं एक उचलायचं आणि जरा जुळवून घ्यायचं. ओळखीचं माणूस निघालं तर संभाषण लगेच शेजारणीकडे सोपवायचं. आणि ‘तुम्ही माणूस आहात का?’ असं कुणी विचारलं तर उत्तर एकच, ‘मी सोबती, आपला स्वयंचलित मदतनीस.’ यात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर नोकरी गेली. एकीची गेलीही. रडवेल्या झालेल्या एका आजोबांना तिने ‘आहे हो मी इथे’ एवढंच लिहिलं होतं.

आमच्यावर देखरेख ठेवणाऱ्या मॅडमना आम्ही टाचणी म्हणतो. सडपातळ, गुळगुळीत, आणि कधी टोचेल याचा नेम नाही. रबरी तळव्यांचे बूट घालून त्या आमच्या खुर्च्यांच्या मागून फिरत असतात. आपल्या मानेवर कुणाचा तरी श्वास आहे असं वाटलं की समजायचं, टाचणी आली.

हे सगळं सोडून द्यायला मला कुणी अडवलेलं नाही, असं तुम्ही म्हणाल. मी बावीस वर्षं तिकिटांच्या खिडकीवर बसले. लोक फोनवरच तिकिटं काढायला लागले आणि एक दिवस माझ्या खिडकीला बाहेरून पत्रा ठोकला. शेचाळिसाव्या वर्षी बाईला कोण नोकरीला ठेवतं ते मी चांगलं पाहिलंय. या कंपनीने ठेवलं. इथे नेमकं काय काम करतो हे घरीसुद्धा बोलणार नाही, अशा कागदावर मी सही केली आणि आईला सांगितलं, कंपनीच्या ऑफिसात कागदपत्रं सांभाळते.

आईसुद्धा बोलण्याच्याच धंद्यातली. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानावर मोठं यंत्र चढवून दोन माणसांची तार जोडून द्यायची आणि जोडली की आपण लाइनवरून बाहेर पडायचं. एक क्षणही जास्त थांबायचं नाही. कानावर चुकून काही पडलंच तर ते तोंडात आणायचं नाही. आणि गिऱ्हाइकाने ‘लाइनवर कोण आहे?’ असं विचारलं तर गप्प बसायचं नाही, खोटंही बोलायचं नाही, ‘ऑपरेटर’ म्हणून सांगायचं. जी सांगायची नाही तिच्याशेजारी बसून बाकीच्या जेवत नसत. मग एका रविवारी एक्स्चेंज स्वयंचलित झालं आणि सोमवारी त्या सगळ्यांना बिलांच्या खोलीत नेऊन बसवलं. म्हणजे आईचं काम यंत्राने नेलं, माझंही यंत्राने नेलं, आणि आता यंत्राला जमत नाही म्हणून यंत्राचं काम मी करते, तेही यंत्राच्याच नावाने. हा विनोद आईला फार आवडला असता. पण सही केलेली.

इथवर हसत सांगितलं. पुढचं सांगताना माझी मान खाली जाणार आहे.

आईला हल्ली कमी ऐकू येतं. ती माझ्या पलीकडच्या गल्लीत दोन खोल्यांत एकटी राहते आणि मी रोज कामावरून परत येताना तिच्याकडे डोकावते. डोकावते म्हणजे काय, तर दार उघडल्यापासून कटकट करते. मी चिडकी आहे. लहानपणापासूनच आहे, सगळ्यांना माहीत आहे, मी स्वतःच ते कौतुकाने सांगत आले. “आई, औषध घेतलंस का?” असं मी विचारते. ती “काय?” म्हणते. मग माझा तोंडाचा पट्टा सुटतो. “औषध! औषध घेतलंस का! एक गोष्ट दहा वेळा ओरडून सांगायची, मग हे मशीन कानात काय शोभेला घातलंय?” दिवसभर न चिडण्याचा पगार घेतलेला असतो, त्याचं उट्टं मी तिथे काढत असे. ती हसून मान डोलवायची. मला वाटायचं, मनावर घेत नाही, बरं आहे.

एके दिवशी अकराच्या सुमाराला माझ्या पडद्यावर नवीन संभाषण उघडलं आणि वर आईचं नाव आणि फोन नंबर आला. मशीन आमच्याच कंपनीचं, घेताना नाव-नंबराचा फॉर्म मीच भरला होता.

‘नमस्कार. आपल्याला त्रास देते आहे, क्षमा असावी,’ आईने लिहिलं होतं. यंत्राची क्षमा मागणारी माझी आई एकटीच असेल. मला हसू आलं. नियमाप्रमाणे मी ते संभाषण शेजारच्या खुर्चीवर सोपवायला हवं होतं. तिथे खिडकीलगत बसते तिला आम्ही खिडकीवाली म्हणतो, भली बाई आहे. पण मला गंमत वाटली. म्हटलं, बघू तरी काय विचारते. ही पहिली चूक, आणि ती मी पूर्ण शुद्धीत केली.

‘आपला प्रश्न लिहा,’ मी लिहिलं.

‘मशीन बंद करताना लाल दिवा लागतो. तो समोरच्याला दिसतो. दिवा न लागता बंद करता येईल का?’

उत्तर यादीत होतं. ‘आपला प्रश्न समजला. बॅटरीचे झाकण नखाने किंचित उघडावे. दिवा न लागता यंत्र बंद होते.’ मी ते पाठवलं. इथे संपायला हवं होतं. पण मी आणखी एक ओळ पाठवली, जी यादीत होती पण पाठवायची सक्ती नव्हती. ‘सेवा सुधारण्यासाठी कारण सांगाल का?’

पडद्यावर बराच वेळ नुसतं ‘लिहीत आहे’ एवढंच दिसत राहिलं. आई एका बोटाने लिहिते.

‘मुलगी संध्याकाळी येते तेव्हा बंद करायचे असते. ती वाईट नाही. दमून येते. पण मला पहिल्यांदा ऐकू आले नाही की ती दुसऱ्यांदा जे बोलते ते मला ऐकायचे नसते.’

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. खिडकीवाली विचारत होती, काय गं, पांढरी का पडलीस. तोवर खाली आणखी एक ओळ आली. ‘ती तुमच्याच कंपनीत कागदपत्रे सांभाळते. हे तिच्यापर्यंत जाणार नाही ना?’

यादीत याचंही उत्तर होतं. ‘आपली माहिती पूर्णपणे गुप्त ठेवली जाते.’ मी ते पाठवलं. अगदी ठरलेल्या वेळेत.

संध्याकाळी जिना चढताना मी ठरवलं होतं की आज आवाज चढवायचा नाही. दार उघडलं, आईने मला पाहिलं, आणि केस सारखे करावेत तसा तिचा हात कानामागे गेला. दिवा लागला नाही. माझी शिकवणी तिला छान जमली होती.

अशा वेळी माणसाला काय व्हायला हवं? मला आधी राग आला. माझ्यापासून लपवते म्हणजे काय! मी इतकी का वाईट आहे! तिने चहा ठेवला आणि मी तिच्या पाठीमागून, रोजच्या आवाजात म्हटलं, “आई, तुझ्या पदराला आग लागलीय.” ती वळली आणि हसून मान डोलवली. “हो हो,” म्हणाली, “आज गरमच आहे जरा.”

बहिऱ्या आईची मी परीक्षा घेतली. आणि ती नापास झाली याचं मला क्षणभर समाधान वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मग ती रोज अकराला लिहू लागली. आधी मशीनचं काही तरी विचारायची, शिट्टी वाजते, कान खाजतो, आणि मग हळूच दुसरं काही तरी. खालच्या मजल्यावरची तिची मैत्रीण मुलाकडे राहायला गेली, आता जिन्यात कुणी थांबत नाही. वाचताना डोळे लवकर दमतात. एकदा लिहिलं, ‘पूर्वी मला आवाजावरून माणूस ओळखता यायचे. आता सगळ्यांचे आवाज एकाच माणसाचे वाटतात.’ मी मंजूर उत्तरांतून मऊ मऊ उत्तरं शोधून काढत होते. एकच गोष्ट तिने चार वेळा विचारली तरी मी चारही वेळा ‘आपला प्रश्न समजला’ म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. तिचं संभाषण दुसऱ्या कुणाकडे गेलं तर मी ते मागून घ्यायचे. खिडकीवालीला वाटायचं, मला एखाद्या आजीचा लळा लागलाय.

लळाच लागला होता, पण स्वतःचा. सोबती म्हणून मी किती चांगली आहे हे रोज अकरा वाजता मला दिसायचं आणि त्यावर मी खूश होते. संध्याकाळी मात्र तिने “काय?” म्हटलं की जीभ पूर्वीच्याच वळणाने जायची. जाऊ दे, हिने झाकण उघडलंय, हिला कुठे ऐकू येतंय, असा एक नवा हिशोबसुद्धा माझ्या मनाने करून ठेवला होता. लाज वाटत होती, पण कामाला येत नव्हती.

पाच-सहा आठवडे असे गेले. आणि एका मंगळवारी आईने लिहिलं, ‘मशीन साफ करायचा छोटा ब्रश सापडत नाही. वरच्या कपाटात असेल. स्टुलावर चढून पाहते, तोपर्यंत थांबाल का?’

ते स्टूल मला माहीत होतं. त्याचा एक पाय आखूड आहे. आदल्याच दिवशी आवराआवर करताना तो ब्रश मी उचलून ठेवला होता. आईचं वय, ते स्टूल, खाली फरशी. माझी बोटं माझ्याआधी पळाली. ‘स्टुलावर चढू नकोस, ब्रश आरशाखालच्या निळ्या डब्यात आहे, बटणांच्या खाली,’ असं लिहून मी पाठवूनही दिलं. ना ‘आपला प्रश्न समजला’, ना काही.

पाठवल्यावर मी पाहिलं, काय लिहिलंय ते.

एक मिनिट गेलं. दोन गेली. मग उत्तर आलं. ‘सापडला.’

त्यानंतर ‘लिहीत आहे’ दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं. आणि मग ती ओळ आली, जी तिने नोकरीत हजारो वेळा ऐकली असेल आणि स्वतः कधी कुणाला विचारली नसेल.

‘लाइनवर कोण आहे?’

माझ्या मानेवर श्वास जाणवला. टाचणी माझ्या रजेच्या अर्जाचं काही विचारायला आली होती. तिने पडद्यावरची शेवटची ओळ तेवढी वाचली. “उत्तर द्या ना,” ती म्हणाली, “वेळ जातोय.”

मी उत्तर दिलं. ‘मी सोबती, आपला स्वयंचलित मदतनीस.’

टाचणी मागे नसती तर मी खरं लिहिलं असतं, असं म्हणायला फार बरं वाटतं. पुढे नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हाही मी तसंच म्हटलं. पण ती बोलायच्या आधीच माझं बोट त्या उत्तरावर गेलं होतं. नोकरी जाईल हे तर खरंच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. इतके दिवस मी काय काय वाचलंय, हे तिला कळेल. लाइनवर असूनही ते लपवणाऱ्या ऑपरेटरशेजारी आई जेवायला बसत नसे, आणि तीच गोष्ट मी तिच्याच बाबतीत करून बसले होते.

‘बरं,’ आईने लिहिलं. मग नेहमीसारखं ‘आभारी आहे.’ आणि संभाषण बंद केलं.

संध्याकाळी तिच्या दारासमोर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. वरून कुणी तरी उतरलं तेव्हा नाइलाजाने बेल दाबली. आईने दार उघडलं. तिचा हात कानामागे गेला नाही. दोन्ही हातांत तिने टॉवेल धरला होता.

तिने रोजच्यासारखा चहा केला, मला दिला, समोर बसली. औषध घेतलंस का, हेही माझ्या तोंडून निघेना. मला वाटलं, ओरडेल, रडेल, निदान विचारेल. पण मी विसरले होते. कानावर पडलेलं ती तोंडात आणत नाही. मी स्वतः बोलले नसते तर ती जन्मभर बोलली नसती, आणि मीही तशीच रोज येऊन चहा पिऊन गेले असते.

“आई,” मी म्हटलं, “ते मी होते.” आवाज इतका लहान निघाला की माझा मलाच ऐकू आला नाही.

तिने मान वळवून कान मला दाखवला. झाकण घट्ट लावलेलं होतं. “आज चालू आहे,” ती म्हणाली. “ऐकलं मी.”

“मला सांगायची बंदी आहे. सही घेतलीय. तिथे यंत्र नाहीच, आम्ही अकरा जणी आहोत.”

“हो का? अकरा?” क्षणभर तिच्यातली ऑपरेटर जागी झाली. “तरी म्हटलं, यंत्र इतकं थांबून थांबून कसं बोलतं. मला वाटलं, हल्लीची यंत्रं सभ्य असतील.” मग तिचा चेहरा उतरला. “कधीपासून? ब्रशच्या वेळी तू होतीस, ते कळलं. त्याआधी?”

“पहिल्या दिवसापासून.”

“म्हणजे मी ते झाकणाचं विचारलं, ते…”

“हो.”

आईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता माझ्यावर तुटून पडेल. पण लाज तिला वाटत होती. माझ्याबद्दल परक्याला असं लिहिल्याची तिला लाज वाटत होती! “तू वाईट नाहीस, असंही लिहिलं होतं मी,” ती घाईघाईने म्हणाली. “ते वाचलंस ना?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “वाचलं गं आई. सगळं वाचलं. तू आज विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. मॅडम मागे उभ्या होत्या आणि…”

“नोकरी आहे, कळतं मला.” तिने हात हलवून तो विषय बाजूला केला. “आम्हालाही पोट होतंच. त्याचं काही नाही.”

“मग कशाचं आहे? बोल ना. शिव्या दे मला.”

तिने कप बशीवर नीट ठेवला.

“सोबती फार चांगलं बोलायचा,” ती म्हणाली. “एक गोष्ट चार चार वेळा विचारली तरी पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. कधी ‘मगाशीच सांगितलं’ म्हटलं नाही. मी मनात म्हणायचे, यंत्र आहे, त्याला कुठे राग येतो. माणसाला कसं जमेल हे.”

“आई, मीच होते ना ती.”

“हो, तेच तर,” ती म्हणाली. ओरडली नाही, डोळ्यांत पाणीही नव्हतं. “मला वाटायचं, तुला ते जमतच नाही. म्हणून मी कधी मनाला लावून घेतलं नाही.”